गोळीनं बरं वाटतं, म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही

पत्र :

डॉक्टरबाई, मी तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. हे पत्र माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी लिहितेय. अक्का 43 वर्षांची, द्राक्षबागेत दाजींच्या बरोबरीनं राबणारी. अडीच वर्षांपूर्वी तिची कंबर आखडायला लागली. उसण भरली म्हणून आधी शेजारच्या पायाळू पोराचा पाय लावून घेतला, मग लेप झाले, मग हाडांचे डॉक्टर. मणक्यातली गादी सरकली असेल म्हणून एमआरआय काढला, तो चांगला आला. पायांच्या नसांची एनसीव्ही केली, तीही नॉर्मल. आता पाठ आणि पोट लाकडासारखं झालंय. कंबर आत गेलीय, पोट पुढं दिसतं. मागून उसाच्या ट्रॅक्टरचा भोंगा वाजला की जागच्या जागी ताठ होते, पाय उचलत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या रथाच्या गर्दीत जवळच ढोलाचा ठोका पडला आणि ती उभीच्या उभी कोसळली. हातसुद्धा पुढं केला नाही, दोन दात गेले. शुद्ध मात्र गेली नव्हती. आता घरचं अंगणही एकटी ओलांडत नाही. झोपेत अंग सैल असतं. सगळे रिपोर्ट चांगले म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दिलेली रात्रीची गोळी घेतली की सकाळी दोन-तीन तास बरी चालते. दाजी म्हणतात, बघा, गोळीनं बरं वाटतं म्हणजे मनाचंच आहे. सासूबाई देवऋष्याकडे न्या म्हणतात. तिला चार वर्षांपासून साखर पण आहे. अंगानं बारीकच आहे, पण गोळ्या लागू पडल्या नाहीत, इन्सुलिन चालू आहे. भाच्यानं मोबाईलवर वाचून 'स्टिफ पर्सन सिंड्रोम' असं नाव सांगितलं. तसं असेल का? आणि कुठं जाऊ?

उत्तर :

ताई, दाजींच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. 'गोळीनं बरं वाटतं म्हणजे मनाचंच आहे', हेच वाक्य तीसेक वर्षांपूर्वी मी माझ्या दवाखान्यात एका बाईंना ऐकवलं होतं. त्यांचे यजमान विट्याकडे यंत्रमागावर कामाला होते. माग सुरू झाला की त्यांचे पाय खिळल्यासारखे व्हायचे, पाठ ताठ, पोट दगड. मी तपासलं, एक्स-रे काढला, काही सापडलं नाही. काम्पोजच्या, म्हणजे डायझेपामच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांनी माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला, खुर्चीत बसला, वाकून चपलेचा पट्टा लावला. मी बाईंना म्हणाले, "टेन्शन आहे, दुसरं काही नाही. बघा, गोळीनं उतरलं की नाही?" त्या दिवसापासून त्या घरात त्यांच्या दुखण्याला टेन्शन हेच नाव पडलं. पुढं गोळ्या बंद झाल्या, ते मागाशेजारीच पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी खरा आजार ओळखला. स्टिफ पर्सन सिंड्रोम. त्यांच्या मुलानं तो कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला, तो क्षण मी विसरलेले नाही आणि विसरायचाही नाही.

गोळीचा गुण आला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. भीतीनं आखडलेला माणूसही त्या गोळीनं सैल होतो. पण तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींशेजारी ठेवून पाहिलं तर ही नोंद फार मोलाची आहे, आणि दाजी तिचा जो अर्थ लावतात त्याच्या अगदी उलट अर्थ तिच्यात असू शकतो.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, उसाला दारं धरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एका सरीला पाणी सोडायचं तर दुसऱ्या सरीचं तोंड मातीनं बुजवावं लागतं. शरीरातही तसंच चालतं. वाकताना पोटाचे स्नायू आवळतात तेव्हा पाठीच्या स्नायूंना 'तुम्ही सोडा' असा निरोप जावा लागतो. हा निरोप नेणारं रसायन म्हणजे गाबा, आणि ते तयार करायला चेतापेशींना जीएडी नावाचं एक एन्झाइम लागतं. स्टिफ पर्सन सिंड्रोममध्ये दारं धरणाराच कमी पडतो. पोट आणि पाठ एकाच वेळी आवळून बसतात, दोघांपैकी कुणी सोडत नाही. वर अचानक आवाज आला, कुणी पाठीवर हात ठेवला, मनाला धक्का बसला, की आधीच उघड्या असलेल्या दारांतून लोंढा येतो आणि सगळं अंग ताठतं. माणूस पुतळ्यासारखा पडतो, पडताना हात पुढं येत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, त्यामुळे आपण पडतोय हे त्याला कळत असतं. डायझेपामच्या जातीच्या गोळ्या या गाबाचंच काम वाढवतात. अक्काला दिलेली गोळी त्याच जातीची आहे का, ते चिठ्ठीवर पाहा. तसं असेल तर तिचे सकाळचे ते दोन-तीन तास नेमके तिथून आलेले असू शकतात.

1963 सालीच अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजारावर डायझेपाम लागू पडतं असं लिहून ठेवलेलं होतं. मी तीच गोळी दिली, तोच गुण पाहिला, आणि अर्थ मात्र चुकीचा काढला.

आता साखर. ही गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत, पण मी तिथंच थांबले. चाळिशीच्या आत आलेली साखर, अंग बारीक, गोळ्यांना दाद नाही, लवकरच इन्सुलिन. हा नेहमीचा, पोट सुटलेल्या माणसाचा मधुमेह वाटत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते, तो प्रकार असू शकतो. जीएडी हे एन्झाइम चेतापेशींबरोबरच स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमध्येही असतं. 1988 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका रुग्णाचं रक्त तपासलं. त्याला अंग ताठरण्याचा आजार होता, फिट्स येत होत्या आणि इन्सुलिनवरचा मधुमेहही होता. त्याच्या रक्तात जीएडीविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. दोन वर्षांनी कळलं की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शास्त्रज्ञ ज्या अँटीबॉडीचा माग काढत होते, तिचंही लक्ष्य हेच जीएडी. अक्काच्या कमरेची फाईल एका डॉक्टरांकडे आणि साखरेची फाईल दुसऱ्यांकडे असेल, तर या दोन गोष्टींची गाठ पडणार तरी कशी? घरात कुणाला थायरॉइड, अंगावर कोड असं काही आहे का, अक्काला स्वतःला आहे का, तेही आठवून लिहून ठेवा. प्रतिकारशक्तीचे असे आजार एकमेकांच्या सोबतीनं येतात.

तेव्हा भाच्यानं काढलेलं नाव मला उगीच वाटत नाही. त्यानं बहुधा कॅनडाच्या गायिका सेलीन डिऑन यांची बातमी वाचली असेल, त्यांनी डिसेंबर 2022 मध्ये आपला हा आजार जाहीर केला. पण पत्र वाचून निदान करता येत नाही, आणि मी ते करणारही नाही. तीस वर्षांपूर्वी घाईनं एक नाव दिलं, आता घाईनं दुसरं देणार नाही.

तुम्ही ज्या डॉक्टरांना दाखवलंत त्यांच्यावर राग धरू नका, एवढं मात्र सांगते. 1924 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आयोवा राज्यातला एक शेतकरी आला, अंग ताठरतं आणि चालता चालता लाकडासारखा पडतो म्हणून. तिथल्या मोर्श आणि वोल्टमन या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर पहिला लेख लिहिला तो थेट 1956 मध्ये. जगभरातून लोक येणाऱ्या त्या दवाखान्यात 32 वर्षांत त्यांना असे 14 रुग्ण मिळाले. त्यांनी नाव दिलं 'स्टिफ मॅन', खरं तर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, म्हणून पुढं 'पर्सन' झालं. दहा लाखांत एक-दोघांना होणारा आजार आहे हा. 2011 च्या जनगणनेत आपल्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाख होती. हिशेब करा, अख्ख्या जिल्ह्यात तीन ते सहा माणसं. बहुतेक डॉक्टरांनी आयुष्यात एकही पाहिलेला नसतो.

म्हणूनच या नावावर उडी मारण्याआधी अंग ताठरण्याची बाकीची कारणं बाजूला सारावी लागतात. त्यातली काही यापेक्षा पुष्कळ जास्त आढळतात आणि काहींवर सोपा उपाय आहे. मज्जारज्जूवर दाब आला तरी पाय ताठतात. पण अक्काचा एमआरआय फक्त कमरेचा झालाय की मानेचा आणि पाठीचाही? पत्रावरून कळत नाही. मज्जारज्जू मानेपासून सुरू होतो आणि कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. नुसता कमरेचा फोटो चांगला आला म्हणून मानेतला दाब नाही असं होत नाही. पार्किन्सन्समध्येही अंग ताठतं, पण सहसा एका बाजूनं सुरुवात, हालचाल मंद, आणि भोंगा वाजला म्हणून पुतळा होत नाही. मणक्याच्या संधिवातात सकाळी उठल्यावर पाठ जास्त धरते आणि हिंडल्या-फिरल्यावर सुटते. कॅल्शियम कमी झालं तर हाताची बोटं आखडून एकत्र येतात, ओठांभोवती मुंग्या येतात, आणि हे साध्या रक्ततपासणीत कळतं. धनुर्वात अडीच वर्षं रेंगाळत नाही, तो प्रश्नच नाही.

मायोटोनिया नावाचा एक वेगळा प्रकार आहे, तो घराण्यात चालतो. डेन्मार्कच्या थॉमसेन नावाच्या डॉक्टरांनी 1876 मध्ये तो स्वतःच्याच घरातला आजार म्हणून लिहिला. त्यात स्नायू आवळला की लगेच सुटत नाही. मूठ घट्ट मिटून 'उघड' म्हटलं की बोटं हळूहळू उघडतात. बसून उठल्यावर पहिली चार पावलं जड, मग सैल. अक्काला मूठ मिटून झटकन उघडायला सांगा, पाच-सहा वेळा. पटकन उघडत असेल तर तो मुद्दा बराचसा मागं पडतो. आणखी एक, आयझॅक्स सिंड्रोम. यात कातडीखाली स्नायू सतत वळवळताना दिसतात, घाम फार येतो, आणि मुख्य म्हणजे झोपेतही ही वळवळ थांबत नाही. अक्का झोपेत सैल होते असं तुम्ही लिहिलंत. किती नेमकं पाहिलंत! डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. स्टिफ पर्सनमधला ताठरपणा झोपेत ओसरतो.

एक प्रश्न मात्र नीट विचारून घ्या आणि उत्तर लपवू नका. 'लेप झाले' असं लिहिलंत, पोटात घ्यायचं काही झालं का? पुड्या, भस्म, वातावरची काळी गोळी? अशा औषधांत कधी कधी कुचल्याचं बी असतं, आणि कुचल्यात स्ट्रिक्निन नावाचं विष असतं. नीट शुद्ध न केलेला किंवा प्रमाणाबाहेर गेलेला कुचला स्नायूंचं 'सोडा' सांगणारं दुसरं रसायन, ग्लायसिन, त्याचा रस्ता अडवतो आणि झटके आणतो. पारा किंवा इतर धातू असलेली औषधं घेतल्यानंतर आयझॅक्ससारखा आजार झालेले रुग्ण आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही. पुडीवर नाव नसेल तर आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून म्हणते. पुडी उरली असेल तर फेकू नका, घेऊन जा.

आता तपासण्यांकडे येते. इथंच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो.

तुम्ही केलेली एनसीव्ही ही नसेतून करंट किती वेगानं जातो याची तपासणी. या आजारात नसा धडधाकट असतात, ती नॉर्मलच यायची. हवी आहे ती ईएमजी, स्नायूत बारीक सुई घालून करतात ती, आणि तीही नुसत्या हातापायाची करून भागत नाही. पाठीचे मणक्यालगतचे स्नायू आणि पोटाचे स्नायू, दोन्ही पाहायला हवेत. 'सैल सोडा' म्हटल्यावरही त्या स्नायूंत हालचालीचे संदेश चालूच राहतात का, आणि एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी चालू आहेत का, हे त्यात बघतात. सुई थोडी दुखते. अक्काला आधी सांगून ठेवा, कारण अचानक टोचलं तर झटका येईल. आणि यात एक फसवी जागा आहे. रात्रीची गोळी अंगात असताना ही तपासणी केली तर ती नॉर्मल येऊ शकते. म्हणून गोळी किती वाजता घेतली हे ईएमजी करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. मात्र तपासणीसाठी म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. या गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते, अंग भयंकर ताठू शकतं. विट्याच्या त्या माणसाचं तेच झालं होतं. कमी करायची की नाही, किती करायची, हे डॉक्टर ठरवतील.

दुसरी तपासणी रक्ताची, जीएडी 65 अँटीबॉडी. नमुना इथं देता येतो, तो मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. यातही नुसतं 'पॉझिटिव्ह' या शब्दावर जाऊ नका. अक्काला मधुमेह आहे आणि त्या प्रकारच्या मधुमेहात ही अँटीबॉडी थोड्या प्रमाणात सापडतेच. स्टिफ पर्सनमध्ये आकडा फार मोठा असतो, एलायझा पद्धतीनं मोजला तर बहुधा 10,000 च्या वर. काही लॅब एका मर्यादेपलीकडे मोजत नाहीत, नुसतं 'याहून जास्त' असं छापतात. तेव्हा नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगावं लागतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. ही अँटीबॉडी साधारण 60 ते 80 टक्के रुग्णांतच सापडते. ती निगेटिव्ह आली आणि लक्षणं तीच असली, तर डॉक्टर ग्लायसिन रिसेप्टर आणि अँफिफायसिन यांच्याविरुद्धच्या दुसऱ्या अँटीबॉडीज पाहतात, कधी पाठीतलं पाणी काढून तपासतात. अँफिफायसिनचा संबंध कधी कधी स्तनाच्या गाठीशी असतो. फार थोड्या बायकांत असं निघतं, पण डॉक्टरांनी स्तनांची तपासणी किंवा स्कॅन सांगितला तर अक्काला तिथं लाजू देऊ नका, तुम्ही सोबत आत जा.

या सगळ्या तपासण्यांहून जास्त वजन तुमच्या सांगण्याला आहे. डॉक्टरांच्या खोलीत शांतता असते, पंखा फिरत असतो, अक्का खुर्चीत बसलेली असते आणि रात्रीच्या गोळीच्या जोरावर ती बरी दिसते. तिथं भोंगा वाजत नाही. म्हणून झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, अक्काला विचारून घ्या. चेहऱ्यापासून पायांपर्यंत सगळं अंग दिसू द्या, कशानं सुरू झालं तो आवाजही येऊ द्या, आणि मध्ये तिच्याशी बोला, म्हणजे शुद्ध आहे हे कळेल. मुद्दाम दचकवून मात्र घेऊ नका. तिला उताणी झोपवून कमरेखाली हात सरकतो का पाहा. उभी असताना एक हात पोटावर आणि एक पाठीवर, हळू, सांगून ठेवा. दोन्हीकडे एकाच वेळी फळीसारखं लागतं का? एका वहीत आठवडाभर लिहा, गोळी कधी घेतली, किती वाजेपर्यंत बरं चालली, कशानं आखडली, साखर किती होती. तुम्ही शाळेत हजेरी मांडता तशीच मांडा.

अंगण ओलांडायची भीती, त्याबद्दल. उघड्या जागेत धरायला काही नसतं आणि पडलं तर हात पुढं येत नाहीत हे तिला दात गमावून कळलंय. तिची भीती अनुभवातून आलेली आहे. या आजाराच्या कितीतरी रुग्णांवर याच भीतीमुळे आधी मनोविकाराचा शिक्का बसतो. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी चुकीची नव्हती, तिचा उपयोगच झाला. त्यांचं औषध चालू ठेवून तुम्हाला पुढं जायचंय. नवीन डॉक्टरांकडे जाताना त्यांची चिठ्ठीही न्या.

कुठं जायचं? ज्यांच्याकडे ईएमजीची सोय आहे असे मेंदू आणि मज्जातंतूंचे तज्ज्ञ, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. सांगली-मिरजेत न्यूरॉलॉजिस्ट आहेत, तिथूनच सुरुवात करा, एकदम लांब धावू नका. त्यांना आजाराची शंका आली आणि पुढचं मत हवं असेल तर मुंबईचं केईएम आहे, बेंगळुरूचं निम्हान्स आहे. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीच्या प्रवासात बेंगळुरूला पोचता येतं. भोंगे-धक्क्यांच्या रस्त्यापेक्षा अक्काला रेल्वेचा झोपून प्रवास सोसेल असं मला वाटतं, आणि जाताना कानात कापसाचे बोळे असू द्या.

निदान पक्कं झालं तर उपाय आहेत. पूर्ण नाहीसा होणारा हा आजार नाही, पण डायझेपाम आणि बॅक्लोफेन नीट बसवली की पुष्कळ जण चालते-फिरते होतात. तेवढ्यानं भागलं नाही तर आयव्हीआयजी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन देतात. अमेरिकेत 16 रुग्णांवर त्याची काटेकोर चाचणी झाली, 2001 मध्ये ती प्रसिद्ध झाली, ताठरपणा कमी झाला, बरेच जण जास्त सहज किंवा आधाराशिवाय चालू लागले. हे औषध महाग आहे. म्हणून निदान कागदावर येताच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा, रेशनकार्ड बरोबर ठेवा. कुणी स्टेरॉइड सुचवलं तर साखरेची आठवण करून द्या, ते साखर चढवतं.

तोवर घरी काय? मालिश, ओढून-ताणून केलेला व्यायाम, हाडवैद्याचा झटका, कमरेला वजनं बांधणं, हे सगळं थांबवा. ताठलेला स्नायू जबरदस्तीनं ताणला तर तो आणखी चिडतो. पायाळू पोरालाही आता पाय लावायला बोलावू नका. मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सांगा. अंगणाच्या कडेनं दोरी किंवा बांबूचा कठडा बांधून द्या, धरून चालेल. बागेत ती एकटी नको, फवारणीचा पंप सुरू होताना तर नकोच. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, ताप येऊन झटके वाढले, झटका सुटतच नाही असं झालं, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

सासूबाईंना दुखवू नका. देवऋष्याकडे जायचं तर अंगारा आणू द्या, अक्काला तिथं नेऊ नका. तिथला ढोल, धूर, अंगाला झटके देणं तिला सोसणार नाही, हे कारण सांगा, तेवढं त्यांना पटेल. दाजींशी बोलायचं काम मात्र तुमचंच आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या, विट्याच्या माणसाचा भागही वाचू द्या. एका डॉक्टरनं हीच चूक केली होती हे कळलं तर त्यांना स्वतःची चूक मान्य करणं सोपं जाईल. 'मनाचंच आहे' हे वाक्य त्या घरात पुन्हा निघू देऊ नका.

न्यूरॉलॉजिस्टकडे निघताना एमआरआयची पिशवी घ्यालच. तिच्यात अक्काची साखरेची फाईल घाला, पहिल्या दिवसापासूनची, अगदी बंद झालेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसकट. आणि डॉक्टरांनी कमरेचं विचारलं तरी ती फाईल आधी उघडा.